जर्नलांची टोपणनावं: आत्याचे कानमंत्र

बाळा, संदर्भसूची छापून हातात आली की पेन्सिल घे आणि आधी लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम शोध. ‘रीस व इतर, १९९८, , ११६, १००९’ असं काही दिसलं तर तिथलं जर्नलचं नाव गळलंय असं समज. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे दाखवणारा तो लेख ‘ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल’च्या ११६व्या खंडात आला होता. लेखक आहेत, साल आहे, खंड आहे, पान आहे, आणि छापला कुठे तेवढंच नाही! पीडीएफ मात्र बिनबोभाट तयार झालेली असते, त्यामुळे लॉग उघडून बघायची बुद्धी कुणाला होत नाही. असे दोन स्वल्पविराम मी चांगल्या चांगल्या प्रबंधांत पाहिलेत, मार्गदर्शकांची सही झाल्यावरसुद्धा.

तू खगोलशास्त्रात पडलास, म्हणजे तुझे बहुतेक संदर्भ एडीएसवरून येणार. नासाच्या खर्चाने अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातून चालणारी ही लेखांची सूची. (एकेकाळी तिची एक नक्कल आपल्या आयुकात ठेवलेली असायची. इंटरनेट रखडत चालायचं तेव्हा पुण्यातल्या लोकांना तिचा फार आधार होता.) लेख शोधायचा, एक्स्पोर्टवर जाऊन बिबटेक निवडायचं, नोंद उचलायची आणि आपल्या बिब फाइलमध्ये टाकायची, हे तू करतोसच. त्या नोंदीत जर्नलच्या जागी काय असतं ते कधी नीट वाचलंयस का? तिथे नाव नसतं, आज्ञा असते. महिरपी कंसात बॅकस्लॅश देऊन \एजे, नाहीतर \एपीजे, नाहीतर \एमएनआरएएस. (मी नागरीत लिहितेय, तू टंकताना रोमन घाल आणि सगळी अक्षरं लहान लिपीतलीच ठेव, लेटेकला त्याचा फरक पडतो.) ही आज्ञा कुणीतरी उलगडून द्यावी लागते. तशी सोय नसेल तर लेटेक ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ अशी तक्रार नोंदवतं, तेवढा शब्द गाळतं आणि पुढे चालू लागतं. ओव्हरलीफवर कोपऱ्यात लाल आकडा बसलेला असतो आणि शेजारी पानं सुबक दिसत असतात. मग आकड्याकडे कोण बघतो?

आता मूळ गोष्ट सांगते. जर्नलचं टोपणनाव उलगडणारे दोन वेगवेगळे प्रोग्राम आहेत, आणि दोघांची टोपणनावं वेगळी दिसतात. एक बिबटेक, दुसरं लेटेक. तू लेटेक चालवलंस की ते तुझ्या मजकुरातल्या उल्लेखांची यादी ऑक्स फाइलमध्ये लिहितं. मग बिबटेक ती यादी, तुझी बिब फाइल आणि शैलीची बीएसटी फाइल अशी तिन्ही वाचतं आणि तयार सूची बीबीएल फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्यानंतर पुन्हा दोनदा लेटेक. बॅकस्लॅशची आज्ञा बिबटेकला कळत नाही. ते तिला साधी अक्षरं समजून जशीच्या तशी बीबीएलमध्ये उतरवतं. ती उलगडते लेटेकच्या पुढच्या फेरीत. उलट बिब फाइलमधला उघडा शब्द, म्हणजे कंस नाही, अवतरणचिन्हं नाहीत, बॅकस्लॅश नाही असा, तो बिबटेक स्वतः उलगडतं. लेटेकपर्यंत तो पोचतच नाही, पोचतं ते पूर्ण नाव. काही अडलं की स्वतःला एवढंच विचारायचं, हे उलगडायचं काम कुणाचं होतं? उत्तर मिळालं की कुठली फाइल उघडायची ते कळतं.

एक बारकी खूण त्यातच सांगून टाकते. बॅकस्लॅशवाली चूक झाली की एररमध्ये ओळीचा क्रमांक येतो, समज १४. पोरं तडक प्रबंधाच्या फाइलमधली चौदावी ओळ उघडतात आणि तिथे डॉक्युमेंट क्लासच्या आसपासचं काहीतरी बघून चक्रावतात. तो क्रमांक बीबीएलमधल्या ओळीचा असतो. लॉगमध्ये थोडं वर सरकून शेवटचा उघडा कंस कुठल्या फाइलच्या नावाचा आहे ते बघायचं. आणि बीबीएल दुरुस्त करत बसायचं नाही, कारण बिबटेक परत चालवलं की ती नव्याने लिहिली जाते. दुरुस्ती बिब फाइलमध्ये, नाहीतर प्रबंधाच्या वरच्या भागात. दुरुस्ती करूनही जुनंच नाव दिसत राहिलं तर जुनी बीबीएल आणि ऑक्स पुसून टाक आणि सगळं पहिल्यापासून चालव.

बॅकस्लॅशच्या आज्ञा आल्या त्या अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘एएएसटेक’ या लेखांच्या साच्यातून. पुढे ‘मंथली नोटिसेस’ आणि ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ यांच्या साच्यांनीही तीच टोपणनावं घेतली. म्हणून या तिघांपैकी कुणाचाही क्लास वापरत असशील तर काही करायला लागत नाही, एडीएसची नोंद जशी आली तशी राहू दे. आज्ञेची खरी मजा इथे आहे. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’ची आज्ञा \एपीजेएल. जुन्या साच्यांत ती नुसतं ‘एपीजे’ छापायची आणि लेटर्सची खूण म्हणून पानाच्या आकड्याआधी ‘एल’ यायचा. पुढच्या साच्यांत नावातच ‘एल’ आला. तुझी बिब फाइल तीच, छपाई ज्याच्या त्याच्या पद्धतीने. तू हाताने नाव लिहिलं असतंस तर प्रत्येक वेळी दोनशे नोंदी तपासत बसला असतास.

पंचाईत होते ती प्रबंधाच्या वेळी. विद्यापीठाचा साचा कुणीतरी साध्या ‘रिपोर्ट’ किंवा ‘बुक’ क्लासवर बांधलेला असतो आणि त्याला यातलं एकही टोपणनाव माहीत नसतं. लेख तर याच नोंदींवर छापून आलाय, मग प्रबंधात काय बिघडलं, असं वाटतं. बिघडलं काही नाही, उलगडणारा क्लास मागे राहिला. तीन वाटा आहेत. एडीएस या आज्ञांची तयार स्टाइल फाइल देतं, तिचं नाव ‘एएएस मॅक्रोज’. ती प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि वरती यूज-पॅकेजने बोलावायची. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. दुसरी वाट एडीएसच्या सेटिंग्जमध्ये आहे. एक्स्पोर्टमध्ये जर्नलचं नाव आज्ञा म्हणून हवं, लघुरूप हवं की पूर्ण हवं ते निवडता येतं. प्रबंधापुरतं पूर्ण नाव हवं असेल तर ते निवडून सगळ्या नोंदी एकदम परत उतरवायच्या. पण ही वाट मला फारशी आवडत नाही. पुढच्या वर्षी त्याच नोंदी लेखात वापरायच्या झाल्या की पूर्ण नावं परत आखडायला बसावं लागतं.

तिसरी वाट माझ्या आवडीची. जी दहा-पंधरा जर्नलं तुला खरोखर लागतात त्यांच्या आज्ञा स्वतः लिहायच्या, आणि त्या लिहायच्या \प्रोव्हाइडकमांड वापरून. \न्यूकमांड वापरलंस आणि क्लासमध्ये ती आज्ञा आधीच असली तर ‘ऑलरेडी डिफाइन्ड’ म्हणून लेटेक अडून बसतं. \डेफ वापरलंस तर ते कुणाला विचारत नाही, आधीचं पुसून आपलं लिहितं, आणि त्यात कधी लेटेकची स्वतःची आज्ञा मारली जाते. उदाहरण देते. ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’साठी \एए सोपं वाटतं ना? पण लेटेकमध्ये \एए म्हणजे स्वीडिश-नॉर्वेजियन नावांत येणारा, डोक्यावर गोल असलेला ए. त्यावर \डेफ चालवलंस की सूचीतल्या एखाद्या स्कँडिनेव्हियन लेखकाच्या आडनावाच्या मधोमध जर्नलचं नाव उगवेल. म्हणून त्या जर्नलची आज्ञा \एएपी अशी आहे. \प्रोव्हाइडकमांड शहाणं आहे. आज्ञा आधी असेल तर गप्प राहतं, नसेल तरच आपली घालतं. त्यामुळे जर्नलच्या साच्यात जर्नलची पद्धत चालते आणि प्रबंधात तुझी.

या ओळी ठेवायच्या कुठे, त्याचीही एक युक्ती आहे. प्रबंधाच्या वरच्या भागात ठेवल्यास तर बिब फाइल दुसऱ्या कामात नेताना त्या मागे राहतात. त्याऐवजी बिब फाइलच्या अगदी वरती @प्रीॲम्बल अशी नोंद करून, अवतरणचिन्हांत त्या सगळ्या \प्रोव्हाइडकमांड लिही. बिबटेक तो मजकूर उचलून बीबीएलच्या डोक्यावर ठेवतं, सूची सुरू व्हायच्या आधी. म्हणजे नोंदी जिथे जातील तिथे त्यांचा उलगडा बरोबर जातो. दोन-तीन जणांनी मिळून लेख लिहायचा असेल आणि प्रत्येकाचा साचा वेगळा असेल, तेव्हा याचा फार उपयोग होतो.

आता उघड्या शब्दांकडे वळू. बिबटेक ओरेन पटाश्निक यांनी १९८५च्या सुमारास लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या लेटेकसाठी लिहिलं, आणि नावं आखडायची सोय त्यात तेव्हापासून आहे. बीएसटी फाइलमध्येच काही शब्द भरलेले असतात. जेएसीएम असा उघडा शब्द लिहिलास तर ‘प्लेन’ शैली ‘जर्नल ऑफ द एसीएम’ छापते आणि ‘ॲब्रव्ह’ शैली ‘जे. एसीएम’ छापते. ती यादी संगणकशास्त्रवाल्यांची, आपल्या कामाची नाही, पण महिन्यांचे जॅन, फेब, मार हे शब्द त्यातूनच आले. म्हणून महिना कंसात घालायचा नसतो. कंसात घातलास तर बिबटेक त्याला हात लावत नाही.

आपले शब्द आपण @स्ट्रिंगने बनवायचे. समज, @स्ट्रिंग लिहून महिरपी कंसात पीआरएल, बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणांत ‘फिज. रेव्ह. लेट.’ मग नोंदीत जर्नलपुढे नुसतं पीआरएल लिहायचं. इथे पोरं हमखास एक गोष्ट करतात. सगळ्या नोंदींत सगळीकडे कंस असतात म्हणून हातासरशी पीआरएललाही कंस घालतात. झालं, सूचीत ‘पीआरएल’ अशी तीन अक्षरं छापून येतात, तीही लहान लिपीत, आणि इशारा कुणीच देत नाही, कारण बिबटेकच्या दृष्टीने तू त्या जर्नलचं नाव तेच ठेवलंयस. उलट शब्द उघडा ठेवलास पण @स्ट्रिंग लिहायची राहिली, तर ‘स्ट्रिंग नेम इज अनडिफाइन्ड’ असा इशारा येतो. तो इशाराच असतो, एरर नव्हे. बिबटेक थांबत नाही, जर्नलची जागा रिकामी सोडून पुढे जातं, आणि ‘एम्प्टी जर्नल’ असा आणखी एक इशारा खाली येतो. हे दोन्ही बीएलजी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. लेटेकच्या लॉगमध्ये शोधलेस तर सापडणार नाहीत.

बारीकसारीक नियम एका दमात सांगते. @स्ट्रिंग ज्या नोंदीत वापरायचं तिच्या वरती आलं पाहिजे. शब्दाची सुरुवात आकड्याने करता येत नाही. मोठी-लहान लिपी इथे सारखीच, म्हणजे लेटेकच्या नेमकं उलट. दोन तुकडे जोडायचे असतील तर मध्ये # हे चिन्ह. एकच शब्द दोनदा ठरवलास तर त्यापुढच्या नोंदींना नंतरचा अर्थ लागू होतो.

या @स्ट्रिंगचा खरा फायदा दोन फाइलींत आहे. एका फाइलमध्ये सगळ्या जर्नलांची पूर्ण नावं, दुसरीत त्याच शब्दांची लघुरूपं, आणि नोंदींची फाइल तिसरी. \बिब्लिओग्राफी या आज्ञेत आधी नावांची फाइल, मग स्वल्पविराम, मग नोंदींची फाइल, मध्ये जागा न सोडता. पूर्ण नावं हवीत तेव्हा पहिली बोलाव, आखडलेली हवीत तेव्हा दुसरी. नोंदींना हात लावायचा नाही. क्रम मात्र चुकवू नकोस, नावांची फाइल नोंदींच्या आधीच आली पाहिजे.

मग आज्ञा चांगली की शब्द? लोक यावर तासन् तास वाद घालतात. माझं मत विचारशील तर खगोलशास्त्रात राहणार असशील तोवर आज्ञा, कारण एडीएस तेच देतं आणि जर्नलं तेच घेतात. प्रवाहाविरुद्ध पोहायचं काही कारण नाही. भौतिकशास्त्राच्या बाजूला झुकणार असशील, ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये लिहिणार असशील, तर शब्द. पण एकाच फाइलमध्ये निम्म्या नोंदी असल्या आणि निम्म्या तसल्या, हे मला चालत नाही. शब्द वापरायचे ठरवलंस तर नावं मात्र आज्ञांचीच ठेव: एपीजे, एमएनआरएएस, एएपी. म्हणजे एडीएसची नोंद आली की कंस आणि बॅकस्लॅश काढला की काम झालं. संपादकात शोधा-बदला करून सगळी फाइल एका मिनिटात पालटते. फक्त ते करायच्या आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेव, आणि बदल ‘जर्नल =’ या शब्दांसकट शोधून कर. नुसतं एपीजे शोधलंस तर नोंदीतल्या वेबपत्त्यांतही ते सापडेल आणि पत्ते मोडतील.

लघुरूप कुठलं घ्यायचं, याला दोन घराणी आहेत. खगोलशास्त्राचं घराणं फार आखडतं: ‘एपीजे’, ‘एमएनआरएएस’, ‘ए अँड ए’. बाकीचं विज्ञान आयएसओ-४ या मानकाने चालतं. त्यासाठी कुठला शब्द कसा आखडायचा याची यादी पॅरिसमधलं आयएसएसएन केंद्र सांभाळतं. तिथे जर्नलचं ‘जे.’, ॲस्ट्रोफिजिकलचं ‘ॲस्ट्रोफिज.’, सोसायटीचं ‘सोक.’ होतं, मधली ‘ऑफ’, ‘द’ गळतात, आणि एकाच शब्दाचं नाव असेल तर ते आखडत नाहीत. ‘नेचर’, ‘सायन्स’, ‘इकॅरस’ जसेच्या तसे. म्हणून ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ एका घराण्यात ‘एपीजे’ आणि दुसऱ्यात ‘ॲस्ट्रोफिज. जे.’ दोन्ही बरोबर. दोन्ही एकाच सूचीत मात्र नकोत. टिंबानंतरची जागा लेटेक रुंद सोडेल म्हणून लोक प्रत्येक टिंबापुढे बॅकस्लॅश घालत बसतात. साध्या क्लासच्या सूचीत ती काळजी लेटेक स्वतः घेतं. चालू मजकुरात जर्नलचं नाव आलं तरच घाल. तिथे आणखी एक लक्षात ठेव. आज्ञेपुढची जागा लेटेक गिळतं, म्हणून ‘\एपीजे मध्ये’ असं लिहिलंस तर दोन शब्द चिकटतात. आज्ञेपुढे रिकामे महिरपी कंस टाकले की जागा शिल्लक राहते.

आपल्या इथल्या जर्नलांना या याद्यांत फार जागा नाही. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा कुणीही गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांचा १९९१चा लेख उद्धृत करतोच: ‘करंट सायन्स’, खंड ६०, पान ९५. तेव्हा खोडदच्या आसपासच्या त्या तीस अँटेनांचं काम चालू होतं. आता ‘करंट सायन्स’ची आज्ञा एएएसच्या यादीत नाही. मग कुणी पूर्ण नाव लिहितो, कुणी ‘कर. साय.’ असं मनाने काही. तू स्वतःची आज्ञा कर आणि आयएसओ-४प्रमाणे ‘कर. साय.’ नको, ‘कर्र. साय.’ घाल, त्यात आर दोनदा येतो. बंगळूरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘जर्नल ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमी’ १९८० पासून निघतं. त्याचंही एकदाच ठरव आणि लिहून ठेव. आपल्याच लोकांच्या लेखांचे संदर्भ सूचीत वेडेवाकडे असतात, याचा मला राग येतो.

जुने लेख हाताळताना टोपणनावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, कारण जर्नलांचीही नावं बदलतात, फाटे फुटतात. ‘फिजिकल रिव्ह्यू’ १९७० साली ए, बी, सी, डी असा विभागला गेला. सामान्य सापेक्षतावादाचे लेख आज ‘डी’मध्ये येतात, म्हणून हाताला \पीआरडी टाकायची सवय लागते. मग अमल कुमार रायचौधुरींच्या १९५५च्या समीकरणाच्या लेखालाही ‘फिज. रेव्ह. डी’ लागतं. तो लेख आहे नुसत्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त, खंड ९८, पान ११२३. तेव्हा ‘डी’ जन्मलाच नव्हता. तसंच ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ १९६९ साली युरोपातली काही जुनी जर्नलं एकत्र करून निघालं. त्याआधीच्या सालापुढे \एएपी दिसलं की नोंद चुकली म्हणून खुशाल समज. ‘मंथली नोटिसेस’ १८२७ पासून आहे आणि ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ १८९५ पासून, त्यामुळे चंद्रशेखरांचा १९३१चा श्वेतबटूंच्या कमाल वस्तुमानाचा लेख \एपीजे, ७४, ८१ असा निर्धास्त लिही.

कधी अक्षर गाळल्यानेही लेख हरवतो. हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांचा १९६४चा गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्तावरचा लेख ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी’च्या ‘ए’ मालिकेत आहे, खंड २८२, पान १९१. ‘बी’ मालिका जीवशास्त्राची. ‘ए’ गाळलास तर वाचणाऱ्याने कुठल्या कपाटापाशी उभं राहायचं? प्र. चु. वैद्यांचा १९५१चा, प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याच्या क्षेत्राचा लेखही ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’च्या ‘ए’ विभागात. अशा नावांची आज्ञा करतानाच मालिकेचं अक्षर नावात घाल, खंडाच्या आकड्याला चिकटवू नकोस. नाहीतर खंड ठळक करणारी शैली आली की अक्षरही ठळक होऊन बसतं.

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं. जॅबरेफ याद्या बघून नावं आखडून देतं आणि परत उलगडूनही देतं. ते सोयीचं आहे, फक्त यादीत नसलेलं नाव ते तसंच सोडतं, म्हणून नंतर नजर फिरव. झोटेरोत लघुरूपाचा वेगळा रकाना असतो आणि बिबटेकमध्ये उतरवताना तो वापरायची खूण करता येते. पण एडीएसची आज्ञावाली नोंद झोटेरोत घालून परत बाहेर काढलीस तर बॅकस्लॅश हा छापायचा मजकूर आहे असं ते समजतं. मग सूचीत जर्नलच्या जागी चक्क ‘\एमएनआरएएस’ असं, बॅकस्लॅशसकट छापून येतं. म्हणून खगोलशास्त्राच्या नोंदी मी अशा फेऱ्यांतून नेत नाही, एडीएसवरून थेट बिब फाइलमध्ये आणते. प्रकाशकांच्या संकेतस्थळावरून उचललेल्या नोंदींत दुसरंच दुखणं असतं. ‘ॲस्ट्रॉनॉमी & ॲस्ट्रोफिजिक्स’ मधलं ते & उघडं येतं आणि लेटेक ‘मिसप्लेस्ड अलाइनमेंट टॅब’ म्हणून ओरडतं, कारण ते चिन्ह त्याने तक्त्यांच्या रकान्यांसाठी राखून ठेवलंय. त्याच्या आधी बॅकस्लॅश दिला की भागतं. कधी & च्या मागे वेबपानावरचा ‘एएमपी’ आणि अर्धविराम चिकटून येतो, तोही काढ.

बिबटेकऐवजी बिबलेटेक आणि बायबर वापरणार असशील तर @स्ट्रिंग आणि आज्ञा दोन्ही चालतात. लघुरूपासाठी तिथे शॉर्टजर्नल असा वेगळा रकाना आहे, पण नेहमीच्या शैली तो आपणहून छापत नाहीत. सोर्समॅप नावाच्या सोयीने बायबरला सांगता येतं की अमुक नाव दिसलं तर तमुक घाल. ताकदीचं हत्यार आहे, पण बहुतेक जर्नलं अजून बिबटेकच मागतात, तेव्हा प्रबंधापुरतं शिक.

लेख पाठवायच्या दिवशी बीबीएल उघड आणि तिच्यात बॅकस्लॅशची जर्नलं किती उरलीत ते बघ. अरक्झिव्हवर बीबीएल चढवताना त्या आज्ञा उलगडणारी स्टाइल फाइलही बरोबर गेली पाहिजे. प्रीॲम्बलची युक्ती केली असशील तर त्यांचा उलगडा आपोआप गेलेलाच असतो. मग बिब फाइलमधल्या ‘जर्नल’ असलेल्या ओळी तेवढ्या ग्रेपने काढ, सॉर्ट आणि युनीकमधून काढ, आणि वरून खाली वाच. शंभर नोंदींतून वीस-पंचवीस नावं निघतात. तिथे ‘\एपीजे’, ‘ॲस्ट्रोफिज. जे.’ आणि ‘द ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ असे तिघे एकाखाली एक बसलेले दिसतील. त्यातला एक ठेव आणि बाकीचे दोन मोडून टाक.